मुख्यमंत्री तुरुंगात असताना कारभार चालतोय का, हे कसं तपासावं

मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. ‘तुरुंगातून सरकार चालवू’ असं कुणी म्हणालं की मी भाषण सोडून देतो आणि कुठल्या नस्त्या, म्हणजे सरकारी फायली, अडल्यात ते शोधतो. तुम्हीही तसंच करा. दिल्लीचं 2024 सालचं उदाहरण घेऊ.

आधी कायदा, तो लवकर आटोपतो. नेता कच्चा कैदी आहे की दोषी ठरलाय, एवढं बघा. दोन किंवा जास्त वर्षांची शिक्षा झाली तर आमदारकी जाते, नुसत्या अटकेने जात नाही. 21 मार्च 2024 ला ईडीने अरविंद केजरीवालांना अटक केली, तरी ते मुख्यमंत्री राहिले. त्यांना हटवा म्हणणाऱ्या याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळल्या.

मग खाती बघा. केजरीवालांकडे एकही खातं नव्हतं. रोजच्या नस्त्या त्या त्या मंत्र्याकडे जात होत्या, म्हणून वरवर सगळं सुरळीत दिसलं. आपल्याकडे 2022 मध्ये नवाब मलिक अटकेत असूनही मंत्री राहिले, पण त्यांची खाती दुसऱ्यांकडे द्यावी लागली.

आता खरी तपासणी. मुख्यमंत्र्यांशिवाय पुढे सरकत नाही अशी नस्ती शोधा. दिल्लीच्या महापौरपदाची निवडणूक 26 एप्रिलला व्हायची होती. ती घेणारा पीठासीन अधिकारी नेमायचा होता. मुख्यमंत्र्यांचा अभिप्राय नाही म्हणून नायब राज्यपालांनी तो नेमला नाही. निवडणूक नोव्हेंबरमध्ये झाली. ते वर्ष अनुसूचित जातीसाठी राखीव होतं. ज्याला वर्षभर पद मिळायचं, त्याच्या हाती जेमतेम पाच महिने आले. ही गोष्ट मला फार लागते, कारण तुरुंगात कोण आहे याच्याशी त्या माणसाचा काही संबंध नव्हता. कैद्यांच्या शिक्षामाफीचंही तेच. त्या नस्त्या इतक्या रखडल्या, की मुख्यमंत्र्यांना तुरुंगातून सही करायला काही मनाई आहे का, असं सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारलं.

सही मिळाली तरी काम संपत नाही. टिपणीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडला की अधिकाऱ्याने कागद घेऊन समोर बसायचं असतं. तिथेच आकडे तपासले जातात, चूक सापडते. तिहारमध्ये आठवड्याला दोन भेटी, त्याही ठरलेल्या यादीतल्या माणसांच्या. एवढ्यात चर्चा काय होणार? म्हणून झारखंडात हेमंत सोरेन यांनी केलं ते मला पटतं. 31 जानेवारी 2024 ला त्यांनी आधी राजीनामा दिला, मग अटक झाली; 2 फेब्रुवारीला चंपाई सोरेन यांचा शपथविधी झाला.

शेवटी, नेता सुटला तरी जामिनाचा आदेश वाचल्याशिवाय कारभार सुरू झाला असं समजू नका. केजरीवालांना 13 सप्टेंबरला जामीन मिळाला तो अटींसह: सचिवालयात जायचं नाही, आणि नायब राज्यपालांच्या मंजुरीसाठी गरज असेल तेवढ्याच नस्त्यांवर सही करायची. 17 सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला.