जुलाबाची औषधं घेऊनही पोट साफ होत नाही? या चुका टाळा

रात्री चूर्ण, वर इसबगोल, अधूनमधून जुलाबाची गोळी. तरी सकाळी अर्धा-पाऊण तास संडासात काढायचा आणि बाहेर येताना वाटायचं, अजून राहिलंच आहे. महिनोन्महिने असं चाललं असेल, तर गोळीचा डोस वाढवण्याआधी जरा थांबा. पुष्कळांमध्ये मळ आतड्यातून वेळेवर खाली येतो, मलाशयापर्यंत पोचतो आणि अडतो तो शेवटच्या काही इंचांत. डॉक्टरांच्या भाषेत हे ‘ऑब्स्ट्रक्टेड डेफिकेशन’. बद्धकोष्ठाचा हा प्रकार नुसत्या जुलाबाने सुटत नाही.

‘रोज होते’ म्हणून गप्प बसणं

डॉक्टर विचारतात, रोज होते का? पेशंट म्हणतो, हो. विषय संपतो. खरं तर दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं. आकड्यापेक्षा महत्त्वाचं असतं ते कुंथावं किती लागतं, खाली काही अडकल्यासारखं वाटतं का आणि बोट घालून मळ काढावा लागतो का. काही बायकांना योनीच्या मागच्या भिंतीवर बोटाने दाबल्याशिवाय शौच होत नाही. हे कुणी आपणहून सांगत नाही, आणि निदानाला सगळ्यात उपयोगी पडतं ते नेमकं हेच. अशा दाबण्यावरून मलाशयाची पुढची भिंत योनीकडे फुगली असावी, म्हणजे रेक्टोसील असावं, अशी शंका लगेच येते. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, पण सांगा.

होत नाही म्हणून आणखी जोर

मलाशयाच्या खालच्या टोकाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरणारा एक स्नायू असतो, प्युबोरेक्टॅलिस. त्याच्या ओढीने तिथे बाक पडतो आणि मळ आत थांबतो. शौचाच्या वेळी हा स्नायू आणि गुदद्वाराचा स्नायू दोन्ही सैल पडायला हवेत. काहींमध्ये जोर लावला की ते उलट आवळतात किंवा सैलच होत नाहीत. पेशंटला याचा पत्ताही नसतो; वर्षानुवर्षांच्या कुंथण्याने शरीर चुकीचं वळण शिकलेलं असतं. अशा वेळी श्वास कोंडून जितकं रेटाल तितकं दार घट्ट होतं.

त्यापेक्षा कमोडवर बसताना पायांखाली छोटं स्टूल घ्या. गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. पुढे वाका, कोपरं मांड्यांवर टेका, तोंड किंचित उघडं ठेवून श्वास चालू राहू द्या आणि पोट आत ओढण्याऐवजी बाहेर फुगवा. जेवणानंतर अर्ध्या तासात आतड्याची हालचाल वाढते, ती वेळ साधा. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. आणि मोबाइल बाहेर ठेवा; निम्मा वेळ तोच खातो.

‘कोलोनोस्कोपी नॉर्मल, म्हणजे काही नाही’

कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून बघताना, आतड्याचं अस्तर दिसतं, स्नायू काम कसं करतात ते दिसत नाही. इथे पहिली तपासणी अगदी साधी आहे. डॉक्टर गुदद्वारात बोट घालून ‘शौचाला बसल्यासारखा जोर करा’ म्हणतात. तेव्हा स्नायू सैल पडतात की बोटाभोवती आवळतात ते लगेच कळतं. ही तपासणी टाळून थेट महागड्या चाचण्या लिहिणं मला तरी पटत नाही.

पुढची पायरी म्हणजे फुग्याची चाचणी. मलाशयात साधारण 50 मिली पाण्याचा फुगा ठेवतात आणि तो बाहेर टाकायला सांगतात. बहुतेक निरोगी माणसांना मिनिटभरात जमतं. सोबत स्नायूंचा दाब मोजणारी मॅनोमेट्री करतात. मात्र कुशीवर झोपून, परक्या माणसासमोर, धडधाकट माणसाचाही स्नायू आवळू शकतो. म्हणून एकाच रिपोर्टवर शिक्का मारू नये. रचनेतला दोष शोधायचा असेल तर बेरियम किंवा एमआरआय डेफिकोग्राफी, म्हणजे शौच होत असतानाच मलाशयाची चित्रं घेणारी तपासणी, उपयोगी पडते. आतडंच मंद आहे का, हे ट्रान्झिट स्टडीत, म्हणजे मळाला आतड्यातून पुढे जायला किती वेळ लागतो ते मोजून, कळतं.

चोथा वाढवत राहणं

चोथ्याने मळ मऊ होतो, तसाच तो वाढतोही. वाट अडलेली असताना त्याने पोट नुसतं फुगतं. इसबगोल घ्यायचंच तर हळूहळू वाढवा आणि सोबत भरपूर पाणी प्या. पुष्कळांना मळात पाणी धरून ठेवणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर जास्त सोसते. लोहाच्या गोळ्या, अफूवर्गीय वेदनाशामकं, रक्तदाबासाठीचं व्हेरापामिल, काही जुनी नैराश्याची औषधं यांनीही बद्धकोष्ठ होतं. ती मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना यादी दाखवा.

ऑपरेशनची घाई

छोटं रेक्टोसील कसलाही त्रास नसलेल्या अनेक बायकांतही सापडतं. रिपोर्टमध्ये दिसलं म्हणून कापायचं नसतं. कुंथून मूळव्याध झालेल्यांचंही तेच: मूळव्याध काढली आणि कुंथणं तसंच राहिलं, तर त्रास परत येऊ शकतो.

स्नायू चुकीचे आवळत असतील तर पहिला उपचार बायोफीडबॅक. सेन्सरमुळे स्नायूंची हालचाल स्क्रीनवर दिसते आणि ती बघत सैल सोडायला शिकायचं. साधारण चार ते सहा बैठका लागतात, घरी सरावही हवा. चांगल्या केंद्रांत निम्म्याहून अधिक पेशंटना फरक पडतो. मळ साठवून ठेवणारं मोठं रेक्टोसील किंवा मलाशय आतल्या आत दुमडणं यासाठी शस्त्रक्रियेचा विचार नंतर होतो. मलाशय पूर्ण बाहेर येत असेल तर मात्र बहुधा ती करावीच लागते.

वयस्कर माणसाला आठवडाभर शौच नाही आणि मग पातळ गळायला लागलं, तर ते जुलाब समजून बंद करायचं औषध देऊ नका. आत घट्ट खडा असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. शौचातून रक्त, वजन घटणं, रक्त कमी होणं किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय, यांत आतड्याच्या कॅन्सरची तपासणी आधी. पाठदुखीसोबत लघवी अडली, पायांतली ताकद गेली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.