नागपुरात फिजिओथेरपी: पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी

बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची पदवी; जुन्या अभ्यासक्रमात ती साडेचार वर्षांची होती, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे 50 टक्के लागतात. एकातली कसर दुसऱ्यात भरून निघत नाही.

मुलं अडकतात ती ॲनाटॉमीत, म्हणजे शरीररचनाशास्त्रात. स्नायू घेतला की ओरिजिन (कुठून निघतो), इन्सर्शन (कुठे जोडतो), नर्व्ह (कोणती नस चालवते), ॲक्शन (काय हलवतो) एका दमात म्हणा आणि हाडावर बोट ठेवून जागा दाखवा. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) परीक्षक हाड हातात देऊन आधी डावं की उजवं तेच विचारतात; नुसतं वाचणारे तिथेच गडबडतात. डेल्टॉइडसोबत (खांद्यावरचा स्नायू) त्याची ॲक्सिलरी नर्व्ह लक्षात ठेवा: ह्युमरसची (दंडाच्या हाडाची) सर्जिकल नेक, म्हणजे वरच्या टोकाखालचा भाग, मोडली की तीच दुखावते, मग हात बाजूला उचलता येत नाही.

मे महिन्यात पाठांतर पहाटेच उरका. दुपारी कूलरसमोर फक्त झोप येते.