शहरात ई-स्कूटरचे नियम लिहायला बसाल तेव्हा

हे लिहिते आहे उभ्यानं चालवायच्या ई-स्कूटरबद्दल: दोन लहान चाकं, मधे उभं राहायची फळी, समोर दांडा आणि हँडल. बसून चालवायच्या, नंबर प्लेटच्या स्कूटरला मोटार वाहनांचे कायदे लागू असतातच. या फळीवाल्या गाडीचं मात्र ना धड सायकल, ना धड मोटार असं होऊन बसतं, आणि मग पालिका, पोलीस आणि भाड्यानं देणाऱ्या कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवत राहतात. मी वाहतूक अभियंता आहे, असे मसुदे तपासणं हे माझं काम. प्रत्येक कलमाला मी एकच प्रश्न विचारते: हे मोडलं तर कुणाच्या लक्षात येणार, आणि तो काय करू शकणार? उत्तर मिळालं नाही तर कलम खोडते.

सुरुवात वेगापासून करा, कारण बाकी बरंच त्यावर ठरतं. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा आणि ब्रेक मध्यम प्रतीचे धरा, म्हणजे दर सेकंदाला ताशी साडेबारा किलोमीटर वेग उतरवणारे. मग ताशी 25 किलोमीटरवरून गाडी थांबायला जवळजवळ 14 मीटर लागतात, 20 वरून 10 आणि 15 वरून जवळजवळ पावणेसात. जर्मनीनं 2019 मध्ये कमाल वेग 20 ठरवला, फ्रान्समध्ये तो 25 आहे. माझं मत 20 च्या बाजूनं आहे, आणि जिथे पायी चालणारे सतत आडवे येतात तिथे 15 किंवा त्याहून कमी. पण नुसता आकडा लिहून भागत नाही. मर्यादा गाडीच्या कंट्रोलरमध्येच, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागातच, बसवलेली असली पाहिजे आणि ती काढून देणाऱ्या विक्रेत्यालाही दंड हवा. रस्त्यावर शंभर जणांना अडवण्यापेक्षा एका दुकानाची तपासणी सोपी असते.

त्यानंतर चाकाकडे बघा. बहुतेक स्कूटरचं चाक आठ ते दहा इंचांचं. सायकलचं मोठं चाक ज्या खड्ड्यावरून दचका देऊन निघून जातं, त्यात हे चाक अडकतं. चालवणारा उभा असतो, त्याचं वजन उंचावर असतं, त्यामुळे चाक थबकलं की तो हँडलवरून पुढे फेकला जातो आणि हात किंवा तोंड जमिनीवर आदळतं. म्हणून स्कूटरला परवानगी देणार असाल त्या रस्त्यांवरून स्वतः चालत जा. डांबराच्या थराची कड, गटाराचं खचलेलं झाकण, आणि खास करून जाळीच्या फटी चाकाच्या दिशेनं समांतर आहेत का, हे बघा. तशी जाळी आडवी फिरवून बसवली तरी धोका बराच कमी होतो. ही दुरुस्ती कोण, किती दिवसांत करणार हे नियमावलीतच लिहा. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक, पुढे-मागे दिवा आणि घंटी या अटी तर हव्यातच.

फुटपाथवर चालवायला बंदी घाला, पण त्याच कागदात पर्यायी जागाही द्या. सिंगापूरनं 5 नोव्हेंबर 2019 पासून ई-स्कूटर फुटपाथवरून हटवल्या. ज्यांचं पोट डिलिव्हरीवर होतं त्यांची त्यामुळे अडचण झाली आणि सरकारला त्यांना दुसरी वाहनं घेण्यासाठी मदत जाहीर करावी लागली. तो वर्ग बंदीनंतर नव्हे, आधी बोलवून घ्यावा. स्वीडननं सप्टेंबर 2022 पासून फुटपाथवर चालवणं आणि लावणं, दोन्ही बंद केलं. चालवायला सायकलचा वेगळा पट्टा नसेल आणि रस्त्यावर मोटारी ताशी 50 नं धावत असतील, तर घाबरलेला माणूस फुटपाथवर चढणारच. अशा रस्त्यावर आधी मोटारींचा वेग उतरवा.

पार्किंगला मात्र मसुद्यात सगळ्यात जास्त जागा द्या. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाच्या नजरेनं विचार करा. काठी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरते. आडवी लावलेली स्कूटर समोर आली तर काठी फळीच्या अलीकडून किंवा दांड्याच्या बाजूनं निसटू शकते, आणि हँडल थेट पोटात किंवा बरगडीत बसतं. पडलेल्या स्कूटरवर काठीचं टोक अडकतं, पाय अडखळतो. व्हीलचेअरवाल्याला तर फुटपाथवरून उतरून रस्त्यावर यावं लागतं, आणि उतार नसेल तर तेही जमत नाही. 'वाहतुकीस अडथळा होणार नाही अशा रीतीने लावावी' हे वाक्य म्हणून निरुपयोगी आहे. रस्त्याच्या कडेला, चौकाजवळच्या मोटार पार्किंगची एखादी जागा काढून रंगानं चौकोन आखा. भाड्याची स्कूटर त्या चौकोनातच लावली तर फेरी बंद व्हावी, नाहीतर पैसे चालू राहावेत. चौकाजवळ मोटारी कमी झाल्या की रस्ता ओलांडणारं मूलही दुरून दिसतं, हा आणखी एक फायदा. चुकीची लावलेली गाडी किती तासांत उचलायची, न उचलल्यास पालिका उचलून खर्च कुणाकडून वसूल करणार, हे करारात आकड्यात हवं.

कंपन्या सांगतील की अमुक भागात गाडी आपोआप मंद होईल. मोठ्या मैदानाला किंवा बाजारपेठेला हे ठीक आहे. पण जीपीएसनं दाखवलेली गाडीची जागा उंच इमारतींमध्ये कित्येक मीटर इकडेतिकडे होते, फुटपाथ असतो दोन मीटरचा. त्यामुळे 'फुटपाथवर चढताच वेग कमी होईल' असं वचन दिलं तर आपल्या गल्लीत, आपल्यासमोर करून दाखवायला सांगा. भर रस्त्यात गाडी अचानक मंद झाली तर मागून येणाऱ्याचा धोका वाढतो, तेही तपासा.

रात्रीचा विचार वेगळा करा, कारण तिथे दारू येते. नॉर्वेची राजधानी ऑस्लोनं 2021 मध्ये भाड्याच्या स्कूटरची संख्या 8,000 वर आणली आणि रात्री 11 ते पहाटे 5 त्या बंद ठेवल्या. पुढल्या वर्षी नॉर्वेनं स्कूटरलाही मोटारीइतकीच दारूची मर्यादा लावली. भाड्याच्या गाड्यांसाठी रात्रीची बंदी पाळायला सोपी आहे, कारण ती एका ठिकाणाहून बंद करता येते.

वय, हेल्मेट आणि एका गाडीवर एकच माणूस, यावर फार वाद घालू नका. एकावर दोघं नकोतच. वय 14 पेक्षा कमी ठेवू नये. हेल्मेट नक्की हवं, फक्त त्यामुळे बाकीच्या कलमांना सुट्टी मिळता कामा नये. बॅटरीसाठी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मागा. जिन्यात चार्जिंगला लावलेल्या गाडीला आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

पॅरिसचं उदाहरण नीट वाचा. तिथे कंपन्या तीनवर आणल्या होत्या, गाड्या 15,000 वर, अनेक भागांत वेग ताशी 10 वर. तरी एप्रिल 2023 च्या मतदानात भाड्याच्या स्कूटर नाकारल्या गेल्या आणि सप्टेंबरपासून त्या गेल्या. मतदान मोजक्याच लोकांनी केलं, पण केलेल्यांपैकी बहुतेकांनी विरोधात. स्वतःच्या मालकीच्या स्कूटर मात्र आजही चालतात. म्हणजे फक्त कंपनीच्या करारावर विसंबून राहिलात तर निम्मं काम राहतं. खासगी गाडीसाठी विमा आणि ओळखचिन्ह हवं. जर्मनीत विम्याचा स्टिकर मागच्या बाजूला लावावाच लागतो आणि त्यावरून गाडी ओळखता येते.

शेवटचं कलम नोंदींचं. स्कूटरवरून पडलेले बरेच जण एकटेच पडतात, पोलिसात जात नाहीत, थेट दवाखान्यात जातात. पोलिसांच्या आकड्यांवरून 'अपघात कमी झाले' म्हणणं धोक्याचं आहे. रुग्णालयाच्या अपघात विभागाच्या नोंदीत स्कूटरसाठी वेगळा रकाना मागून घ्या: जागा, वेळ, स्वतःची गाडी की भाड्याची, आणि जखमी माणूस चालवणारा होता की पायी चालणारा. नाव नको. भाड्यानं देणाऱ्या कंपनीला परवाना एका वर्षाचाच द्या आणि नूतनीकरणाच्या बैठकीत हा तक्ता आणि पार्किंगच्या तक्रारी समोर ठेवा. त्या बैठकीला अंध आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी मत देण्याच्या हक्कानं बसतील, हेही त्याच कलमात लिहा.