सुट्टीतली दुपार आणि मुलांचे वाचन

वार्षिक परीक्षा संपताच पुण्यातील अनेक घरांत सुट्टीचे वेळापत्रक तयार होते आणि त्यात पोहणे, शिबिर यांच्या जोडीला ‘रोज दहा पाने वाचन’ अशी एक ओळ हमखास असते. ती ओळ आधी खोडावी. पानांचा हिशेब सुरू झाला की मुलाचे लक्ष गोष्टीवरून पृष्ठक्रमांकावर जाते. त्याऐवजी, उन्हामुळे बाहेर खेळता येत नाही अशा दुपारच्या वेळी घरातील टीव्ही बंद ठेवावा आणि मोठ्यांनीही मोबाइल बाजूला ठेवून काहीतरी वाचत बसावे. पुस्तके काचेच्या कपाटात नकोत, सहज हाताला लागतील अशी ठेवावीत.

खरेदीसाठी मुलाला अप्पा बळवंत चौकात न्यावे, ठरावीक रक्कम त्याच्या हाती द्यावी आणि निवड त्याच्यावर सोडावी. त्याने भुतांच्या गोष्टी, विनोद किंवा चित्रकथा उचलल्या तरी ते वाचनच आहे. आपल्या लहानपणीचे आवडते पुस्तक त्याच्या गळ्यात मारण्याचा मोह आवरावा (तो आवरणे कठीण असते, हे मान्य). पुस्तक झेपेल का, हे पाहण्यासाठी मधलेच एक पान वाचायला सांगावे. त्यात पाचाहून अधिक शब्द अडले, तर ते पुस्तक मोठ्यांनी वाचून दाखवण्यासाठी ठेवावे. खर्च टाळायचा असल्यास ‘बालभारती’च्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. 1848 मध्ये स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात किंवा घराजवळच्या वाचनालयातही सभासदत्वाची चौकशी करता येईल.

इंग्रजी माध्यमातील मुलांची अडचण वेगळी असते: मराठी त्यांना कळते, मात्र डोळ्यांना जोडाक्षरांची सवय नसते. अशा मुलाला शेजारी बसवून, ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचावे. पुढे एक परिच्छेद आपण आणि एक त्याने, अशी वाटणी करावी. ‘दुष्काळ’ किंवा ‘आश्चर्य’ या शब्दापाशी ते अडखळले, तर फोड करून शिकवत न बसता शब्द सांगून पुढे जावे, कारण तिथे धडा सुरू झाला की गोष्टीचा धागा तुटतो. शक्यतो उत्कंठेच्या जागी थांबावे आणि स्वयंपाकघरात काम असल्याचे सांगून पुस्तक तिथेच उघडे ठेवून उठावे. पुस्तक संपल्यावर तात्पर्य विचारू नये. त्यातले कोणते पात्र आपल्याला आवडले नाही, एवढेच सांगावे, म्हणजे मूल बहुधा आपणहून वाद घालू लागते.