चेक क्लबचा इतिहास शोधायचाय? मग नावाच्या मागे लागू नका

पनेन्का पेनल्टी बहुतेकांना माहितीये, म्हणजे गोलकीपर एका बाजूला झेपावला की बॉल आरामात मधोमध चिप करायचा ती. 1976 च्या युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल, बेलग्रेड, पश्चिम जर्मनीचा गोलकीपर सेप मायर डावीकडे पडला आणि चेकोस्लोव्हाकिया चॅम्पियन. तर हा आंतोनिन पनेन्का कुठल्या क्लबचा हे बघायला मी एका रात्री बसलो आणि दोन तासांनी वहीत एकाच क्लबची पाच-सहा नावं, एक कांगारू आणि डोक्यात नुसता गोंधळ. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून लिहितोय, उदाहरण त्याच क्लबचं घेतो, प्रागचा बोहेमियन्स.

सगळ्यात आधी कागदावर नावांची यादी करा, बाकी काही वाचू नका. 1905 मध्ये व्हर्शोव्हिट्से या भागातला क्लब म्हणून सुरू झाला, नाव एएफके व्हर्शोव्हिट्से. 1927 ला टीम ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेली, तिकडे कोणाची जीभ या नावाला वळणार, म्हणून बोहेमियन्स या नावाने खेळले, परत येताना दोन जिवंत कांगारू भेट मिळाले आणि तेव्हापासून बिल्ल्यावर कांगारू आहे. (हिरव्या रंगाचा कांगारू. मला आजही हसू येतं.) मग कम्युनिस्ट राजवट आली आणि क्लब कुठल्या ना कुठल्या कारखान्याला नाहीतर खात्याला बांधले गेले, त्यामुळे नावं बघा: झेलेझ्निचार्झी म्हणजे रेल्वेवाले, 1950 च्या दशकात स्पार्ताक प्राहा स्टालिनग्राड, 60 च्या सुरुवातीला चेकाडे प्राहा, हा ट्राम आणि इंजिनं बनवणारा मोठा कारखाना. साठचं दशक अर्ध्यावर आल्यावर बोहेमियन्स हे नाव परत आलं. ही यादी समोर नसेल तर 1955 चं पॉइंट टेबल उघडून तुम्ही बोहेमियन्स शोधत बसाल आणि सापडणार नाही. बाकीच्यांचंही तेच, स्लाव्हिया त्या काळात डायनॅमो प्राहा होती आणि स्पार्टा स्पार्ताक सोकोलोव्हो.

आता सर्च कसा करायचा. चेक भाषेत नामाला विभक्ती लागते आणि शब्दाचं पोट बदलतं, अगदी आपल्यासारखं. पुणे आणि पुण्यात, तसं प्राहा आणि प्राझे. क्लबचं लाडाचं नाव बोहेमका, त्याचं बोहेम्की होतं, बोहेम्कू होतं, बोहेम्त्से पण होतं. म्हणून पूर्ण शब्द टाकू नका, पुढचा अर्धा टाका. रोमन लिपीत टाईप करताना अक्षरांवरचे ते छोटे हुक द्यायचा प्रयत्न करा, जुन्या साईटवर त्याशिवाय काही मिळत नाही. आणि ट्रान्सलेट लावलंत तर टोपणनावांची पण भाषांतरं होतात, "कांगारू घरच्या मैदानावर हरले", "शिवलेले जिंकले" असं काहीतरी समोर येतं. शिवलेले म्हणजे स्लाव्हिया, कारण त्यांचा शर्ट अर्धा लाल अर्धा पांढरा, मध्ये शिवण. टोपणनावं पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

नावं झाली की मैदान पकडा, माझ्या मते हाच खरा धागा आहे. बोहेमियन्सचं द्योलीचेक 1932 पासून आहे, शब्दाचा अर्थ छोटा खळगा. नाव कितीदा बदललं तरी लोक त्याच खळग्यात येऊन उभे राहिले, म्हणून एखादी जुनी बातमी नक्की कोणाची हे कळत नसेल तर मॅच कुठे झाली ते बघा. पण हा नियम आंधळेपणाने लावू नका हं! स्लाव्हिया आधी प्रागच्याच लेटना भागात होती, 1950 च्या दशकात व्हर्शोव्हिट्सेला आली, म्हणजे आज दोन्ही मैदानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि त्यांची डर्बी ही खरोखर गल्लीतली भांडणं.

ट्रॉफ्या मोजताना देश कुठला ते आधी बघायचं. चेक लीग 1993 नंतरची, म्हणजे चेकोस्लोव्हाकिया फुटल्यावरची, त्याआधीची चेकोस्लोव्हाक लीग, आणि काही याद्या फक्त नवी लीग धरतात. बोहेमियन्सचं एकमेव विजेतेपद 1983 चं, प्रशिक्षक तोमाश पोस्पीखल, त्यामुळे नव्या यादीत त्यांच्या नावापुढे भोपळा दिसतो. त्याच सीझनला ते युएफा कपच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या सेमी फायनलला पोचले होते, बेल्जियमच्या आंदरलेख्टकडून हरले, ज्यांनी पुढे कप जिंकला. आणि इथे एक गंमत, जिथे बहुतेक जण चुकतात (मी पण चुकलो): पनेन्का त्या विजेत्या टीममध्ये नव्हताच, तो 1981 ला व्हिएन्नाच्या रॅपिड क्लबला गेला होता. सगळ्यात मोठा खेळाडू आणि सगळ्यात मोठा सीझन एकत्र बांधून टाकायचा मोह होतो, तारखा तपासल्याशिवाय बांधू नका.

सगळ्यात किचकट भाग शेवटी, हा क्लब तोच आहे का. 2005 मध्ये बोहेमियन्स पैशाअभावी कोलमडला, तिसऱ्या लीगमध्ये जावं लागलं, चाहत्यांनी वर्गणी काढून जीव वाचवला आणि 2007 ला टीम परत वरच्या लीगमध्ये. पण बोहेमियन्स या नावाचे हक्क जुन्या क्रीडा संघटनेकडे होते, तिने ते प्रागच्याच स्ट्रशीझ्कोव्हमधल्या दुसऱ्या क्लबला वापरायला दिले, झालं, दोन बोहेमियन्स, कोर्टकचेऱ्या, आणि 2009-10 ला तर दोघं एकाच वेळी टॉप लीगमध्ये! एका मॅचला स्ट्रशीझ्कोव्हवाले मैदानावर आलेच नाहीत. म्हणून आपल्या क्लबच्या नावात 1905 लागतं. त्या चार-पाच वर्षांतलं काहीही वाचताना नुसतं बोहेमियन्स दिसलं तर थांबा, आकडा आहे का बघा, नसेल तर मॅच द्योलीचेकला झाली का बघा.

सरावाला पुढचा क्लब दुक्ला प्राहा घ्या. सैन्याची टीम, 1962 चा बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जिंकणारा योसेफ मासोपुस्त तिथलाच. नावांची यादी करा आणि 1990 च्या दशकात काय झालं तिथे पोचलात की एक चहा टाका, वेळ लागणारे.