स्टेअरलिफ्ट निवडताना आधी काय पाहावे

स्टेअरलिफ्ट म्हणजे जिन्यावरच्या रुळावरून बसलेल्या माणसाला वर-खाली नेणारी यांत्रिक खुर्ची. ती घ्यायची ठरली की बहुतेक घरांत पहिल्यांदा जिन्याचे माप काढले जाते. माझ्या मते सुरुवात त्या खुर्चीवर बसणाऱ्या व्यक्तीपासून करावी. यंत्र माणसाला वरच्या मजल्यावर नेऊन पोचवते, पण त्याला खुर्चीत बसवणे किंवा खुर्चीतून उठवणे हे काम ते करत नाही. म्हणून ती व्यक्ती साध्या हातांच्या खुर्चीत स्वतःहून बसू शकते का, दोन-तीन मिनिटे एका बाजूला न कलता ताठ बसते का आणि उठून उभी राहिल्यावर तोल सांभाळते का, हे आधी शांतपणे पाहावे. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) घरी बोलावून हे तपासून घ्यावे आणि आजार वाढत जाणारा असेल, तर पुढच्या काही वर्षांत हालचाल कितपत राहील, हेही स्पष्ट विचारावे. व्हीलचेअरशिवाय हलता न येणाऱ्या व्यक्तीला स्टेअरलिफ्टपेक्षा व्हीलचेअरसह वर नेणारी घरगुती लिफ्ट अधिक उपयोगी पडते. स्टेअरलिफ्टच घेतली, तर दोन्ही मजल्यांवर एकेक व्हीलचेअर ठेवावी लागते आणि दर वेळी दोनदा बदलून बसावे लागते.

गुडघा किंवा कंबर पुरेशी वाकत नसेल, तर अर्धवट उभ्याने टेकून बसण्याच्या उंच बैठकीचे मॉडेल मिळते. मात्र त्यात डोके बरेच वर येत असल्यामुळे छताची उंची मोजूनच ते निवडावे. वजनाची मर्यादा मॉडेलनुसार बदलते. साधारण मॉडेल १२० ते १४० किलोपर्यंत चालतात आणि त्याहून अधिक वजनासाठी रुंद, भक्कम खुर्च्या वेगळ्या असतात.

आता जिना. खुर्चीचा रूळ बहुधा भिंतीला न ठोकता पायऱ्यांवरच आधार देऊन बसवतात, त्यामुळे भिंत कच्ची असली तरी चालते, पण पायऱ्या मजबूत असाव्या लागतात. सरळ जिन्याचा तयार रूळ हव्या त्या लांबीचा कापून बसवता येतो, म्हणून तो स्वस्त पडतो आणि वापरलेली खुर्चीही पुन्हा बसवता येते. वळणाच्या जिन्याचा रूळ मात्र त्याच जिन्याच्या मापाने घडवावा लागतो. तो महाग असतो, तयार व्हायला वेळ लागतो आणि दुसऱ्या घरात सहसा उपयोगी पडत नाही. त्यामुळे वळणाच्या जिन्यासाठी वापरलेली स्टेअरलिफ्ट स्वस्तात मिळत असली, तरी मी ती घेण्याचा सल्ला देणार नाही. रुंदी मोजताना फक्त पायरीची रुंदी पाहून भागत नाही. अरुंद जिन्यात बसणाऱ्याचे गुडघे समोरच्या भिंतीला किंवा कठड्याला लागतात, म्हणून त्या व्यक्तीला खुर्चीत बसवून पाठीपासून गुडघ्यांपर्यंतचे अंतर मोजावे. खुर्ची मिटून ठेवल्यावर घरातल्या इतरांना कठडा धरून सहज चढता येईल एवढी जागा उरते का, तेही पाहावे. रुळाचे खालचे टोक दाराच्या वाटेत येत असेल, तर ते वर दुमडणारा बिजागरीचा रूळ मागावा.

सर्वांत जास्त लक्ष वरच्या टोकाला द्यावे, कारण उतरताना मागे उघडा जिना असतो आणि तिथे तोल गेला तर इजा गंभीर होते. वर पोचल्यावर खुर्ची लँडिंगच्या, म्हणजे जिना संपतो तिथल्या सपाट जागेच्या, दिशेने वळून त्याच स्थितीत पक्की अडकली पाहिजे आणि पाय पायरीवर न पडता लँडिंगच्या सपाट जमिनीवर पडले पाहिजेत. हातात किंवा कमरेत जोर कमी असेल, तर विजेवर आपोआप वळणाऱ्या बैठकीसाठी जास्त पैसे मोजणे योग्य ठरते. मला तरी रंग आणि गादीच्या कापडापेक्षा हा खर्च फार महत्त्वाचा वाटतो.

बहुतेक स्टेअरलिफ्ट बॅटरीवर चालतात, त्यामुळे वीज गेल्यावरही काही फेऱ्या होतात. चार्जिंगची सोय सहसा रुळाच्या ठरावीक टोकांशी असते, म्हणून खुर्ची मधेच उभी ठेवू नये. आयएसओ ९३८६-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वेग सेकंदाला ०.१५ मीटरपेक्षा जास्त नसतो, म्हणजे साडेचार मीटरच्या रुळाला किमान अर्धा मिनिट लागतो. बसणे, पट्टा लावणे आणि उठणे हा वेळ वेगळाच. ज्यांना घाईने स्वच्छतागृहात जावे लागते, त्यांच्यासाठी दोन्ही मजल्यांवर तशी सोय आहे का, याचा विचार आधीच करावा.

चालवण्याचे बटण दाबून धरेपर्यंतच खुर्ची चालते. संधिवाताने बोटे आखडली असतील, तर तळहाताने ढकलता येणारी मोठी कळ निवडावी. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती पट्टा लावायला विसरू शकते किंवा मधेच उठू शकते, म्हणून तिने एकटीने खुर्ची वापरू नये. घरात लहान मुले असतील, तर चावीने बंद होणारे मॉडेल घ्यावे.

करार करण्याआधी हमी किती वर्षांची आहे, बॅटरी त्यात धरली आहे का आणि बिघाड झाल्यावर किती वेळात माणूस येईल, हे लेखी घ्यावे. खुर्ची बसवल्यावर पहिली फेरी प्रत्यक्ष वापरणाऱ्या व्यक्तीनेच तंत्रज्ञासमोर मारावी. त्यानंतर रिकाम्या खुर्चीच्या वाटेत पायरीवर एक उशी ठेवून पायठेवणीला अडथळा लागताच खुर्ची थांबते का ते पाहावे आणि मुख्य वीज बंद करून ती बॅटरीवर वरपर्यंत जाते का, हेही तंत्रज्ञ निघण्यापूर्वी तपासावे.