उंदराच्या डोळ्यातून निघालेलं भोक

नेत्सुके म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्याला दोरीने पिशवी लटकवता यावी म्हणून कोरलेली छोटी जपानी आकृती. माझं पहिलं नेत्सुके म्हणजे एक उंदीर. उंची साडेतीन सेंटिमीटर, लाकूड त्सुगे (बारीक रेषांचं जपानी बॉक्सवुड), मेहनत तीन महिन्यांच्या शनिवार-रविवारची. मिशा झाल्या, कानाच्या पाळ्या झाल्या, पोटाखाली दुमडलेली बोटंसुद्धा झाली. मग शेवटचं किरकोळ काम म्हणून दोरीची भोकं पाडायला घेतली. गिरमिट पोटातून आत शिरलं आणि डाव्या डोळ्यातून बाहेर आलं.

म्हणून नव्याने शिकणाऱ्याला मी आधी हेच सांगते, आणि आधी कोणी ऐकत नाही. हिमोतोशीची, म्हणजे दोरीच्या भोकांची, जागा लाकडाला पटाशी लागण्याआधी ठरवा. इन्रो (छोटी डबी) किंवा तंबाखूची पिशवी खाली लटकते, दोरी ओबीच्या, म्हणजे कमरपट्ट्याच्या, मागून वर येते आणि नेत्सुके ओबीच्या काठावर अडकून बसतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मलाही होतं. पण खालच्या ओझ्यामुळे दोरी सतत ताणलेली असते आणि त्या ताणात नेत्सुके स्वतःहून फिरतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भोकांची जागा चुकली की आकृती तोंड फिरवते, नाहीतर उलटी होते. बरं, दोन भोकं सारखी असायची गरज नाही. जुन्या कामांत बऱ्याचदा एक मोठं दिसतं, कारण गाठ त्यात लपते. दोघांना जोडणाऱ्या बोगद्यावर पुरेसं लाकूड राहायला हवं. हे सगळं माझ्या उंदरात नव्हतं. होत्या फक्त मिशा.

क्योतोचा जुना नेत्सुके-कारागीर तोमोतादा, त्याचे बसलेले बैल पाहा. पाय पोटाखाली, शेपूट अंगाला चिकटलेली, सगळा गोळाच. रेशमात अडकेल असं काहीही बाहेर नाही. त्याची नक्कल इतकी व्हायची की 1781 च्या 'सोकेन किशो' या जपानी ग्रंथातही ती तक्रार नोंदलेली आहे. नक्कल करणाऱ्यांनी त्याच्या बैलांची खालची बाजू तरी नीट पाहिली असेल. आपण फोटो पाहतो, आणि फोटो पुढूनच काढतात.

शिकवणाऱ्या आजोबांनी माझं गिरमिट चाललेलं पाहिलं होतं. एक शब्द बोलले नाहीत. चुकू देणारा गुरू थोर, असं म्हणतात. तीन महिने आधी एक वाक्य बोलले असते तर त्यांचं थोरपण काही कमी झालं नसतं. पण मशीनबद्दल त्यांचं म्हणणं मला पटतं. फिरत्या टोकाने दोन तासांत उंदीर होतो, पण तो साबणाचा वाटतो.

घाबरू नका, सुरुवात शाडूत करा. गोळा करा, काडीने आरपार भोक पाडा, वाळू द्या. मग दोरी ओवून खाली किल्ल्यांचा जुडगा लटकवा. पाच मिनिटांत कळेल गोळा कुठे फिरतो ते. लाकूड मात्र बारीक रेषांचंच घ्या. सागवानात मिशा कोरायच्या नादाला लागू नका. हस्तिदंत आणि हरणाचं शिंग भारतात बसून मागवायचा विचारही नको, सरळ कायद्यात अडकाल.

जुन्या नेत्सुकेतल्या बेडकाच्या पाठीवरचे फोड पाहून मोह होईल, तो आवरा. त्याला उकिबोरी म्हणतात: बोथट हत्याराने लाकूड ठिपक्याठिपक्यांनी दाबायचं, आजूबाजूचं तासून त्या पातळीला आणायचं आणि मग ओलं करायचं, की दबलेले तंतू फुगून वर येतात. तासताना एक ठिपका खाल्ला गेला की तो फोड गेला. पहिल्या वर्षी नकोच.

दुसऱ्या उंदराला मी भोक पाडलंच नाही. शेपूट वळवून पोटाखाली आणली आणि दोरी त्या फटीतून ओवली. जुने कारागीरही जागा मिळाली की असंच करायचे. पाच आठवडे लागले. सरळ लटकतो, मिशा मात्र पहिल्यासारख्या जमल्या नाहीत. पहिला माझ्या कापडी पिशवीला आहे, तोंड खाली करून.